माझ्या कमरेचा काळा लेप

मित्रांनो, चकाकतो म्हणून फसू नका. मी एक जुना पिस्टन आहे आणि सध्या आष्टीकडच्या एका सहकारी सोसायटीच्या कचेरीत उदबत्तीचं घर म्हणून नोकरीला आहे. मला उलटा ठेवून पोटात तांदूळ भरतात. इंजिनात मी सहा दिवस टिकलो. इथे तिसरं वर्ष चालू आहे.

कारखान्यात ॲल्युमिनियमचा रस ओतून मला घडवलं. ॲल्युमिनियम वजनाला हलकं, पण अंगानं मऊ. लोखंडी सिलिंडरात मिनिटाला हजारदा खाली-वर करायचं म्हणजे अंग सोलूनच निघायचं. म्हणून माझ्या कमरेभोवती ग्राफाइटचा काळा लेप दिला होता. हेच ग्राफाइट तुमच्या शिसपेन्सिलीत असतं. इंजिन सुरू होताना तेल पोचेपर्यंतचं घासणं हा लेप सोसतो. केसाहून पातळ होता, पण मला त्याचा फार अभिमान होता.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. सोसायटीच्या चारा छावणीत अकराशे जनावरं होती. विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यांचा हौद भरायचं. त्यासाठी मला आणलं. बसप्पा मिस्त्री मला बसवणार, तेवढ्यात चेअरमन अर्जुनराव पूजेचं ताट घेऊन हजर.

"बसप्पा, नव्या वस्तूला हे काळं कावून हाय?"

"लेप हाय चेअरमन. घर्षण कमी व्हावं म्हणून देत्यात. हात लावू नका."

"शुभकामात काळं चालत न्हाई. घासून काढ."

"मी न्हाई घासणार."

मग छावणीचा राखणदार म्हाळू पुढे आला. म्हाळू कामाला प्रामाणिक, हेच माझं दुर्दैव. राख, चिंच, नारळाची शेंडी. तरी निघेना तेव्हा विटकरीची पूड. तासाभरात मी देवघरातल्या तांब्यासारखा झालो. अर्जुनरावांनी माझ्यात आपली मिशी निरखली. मिशी काळीभोर होती. ते ती दर रविवारी रंगवत.

बसप्पानं मला रॉकेलनं दोनदा धुतलं, पण पूड माझ्या मऊ अंगात रुतली होती. लेप गेलेला, खडा आत. मी स्वतःही सोलवटत गेलो आणि सिलिंडरही ओरबाडत गेलो. सहाव्या दिवशी भर दुपारी मी अडकलो. इंजिन थांबलं, हौद आटला. अर्जुनरावांच्या आत्या जानकीबाई, त्यांची दिवस भरलेली म्हैस कोरड्या हौदाची कड चाटत उभी होती. जानकीबाईंनी दोन दिवस लांबून घागरी वाहिल्या. म्हैस वाचली. रेडकू मेलेलं जन्मलं.

यावर सोसायटीनं तातडीची सभा घेतली आणि मला नोटीस काढली. 'सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' नोटीस माझ्याच डोक्यावर चिकटवली. मला हात नाहीत, हे सभेला माहीत होतं. तरी मुदतीत खुलासा आला नाही म्हणून पुढच्या सभेत एकमतानं मी दोषी ठरलो. चहा झाला.

पण ते नंतर. नोटिशीची मुदत चालू असतानाच, तिसऱ्या दिवशी, नवा सिलिंडर आला, नवा पिस्टन आला. कमरेला तोच काळा लेप. अर्जुनराव पुन्हा ताट घेऊन आले. म्हाळूनं राख आणली. ती जानकीबाईंनी मुठीत घेतली.

"अर्जुना, मिशी पुढं कर."

"आत्या, ह्ये काय?"

"शुभकामात काळं चालत न्हाई म्हणलास न्हवं? आधी तुझं काढते, मंग त्याचं."

कोणी हसलं नाही. म्हाळूनं तेवढी चिंच पुढे केली.

अर्जुनरावांनी ताट खाली ठेवलं. कुंकू पिस्टनच्या रिकाम्या खोक्याला लावलं आणि नारळ दगडावर फोडला. बसप्पानं पिस्टन काळाच बसवला. हौदात पाणी पडलं तशी जनावरं धावली. जानकीबाईंची म्हैस सगळ्यांच्या आधी प्यायली. एकटीच, रेडकाविना.

मित्रांनो, मला अजून दर सोमवारी राखेनं घासतात. माझं आता काही बिघडत नाही. पण न कळणारं काही दिसलं, तर घासण्याआधी त्यातल्या जाणकाराला विचारा, आणि तो नको म्हणाला तर हात मागे घ्या. हाच माझा खुलासा. मुदत टळली आहे, तरी दप्तरी लावून घ्यावा. आणि त्या रेडकाची नोटीस कोणाच्या डोक्यावर चिकटवायची, तेही एकदा सभेपुढे येऊ द्या.