भिंगरीची फेरपरीक्षा

भिंगरी गोष्ट कधी वाचायचीच नाही. तिला वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. सातवीतली पोर ती, मागच्या बाकावरून फळ्यावरचं बारीक अक्षरही वाचायची. पण उताऱ्यावरचे प्रश्न आले की तिची युक्ती ठरलेली. आधी प्रश्न बघायचा, त्यातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवून काढायची. पळण्यात तर शाळेत तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं, आणि पेपर देऊन बाहेर पडणारीही पहिली तीच.

सहामाहीला मात्र पितळ उघडं पडलं. प्रश्न होता, ‘शिंपीकाका भरदुपारी दुकान बंद करून का गेले?’ भिंगरीने झोकात लिहिलं, ‘शिंपीकाका भरदुपारी दुकान बंद करून का गेले, हे कोणालाच कळले नाही.’ भाषेच्या बाई आधी पोट धरून हसल्या आणि मग नापासाचा शेरा मारून मोकळ्या झाल्या.

तेही चाललं असतं. पण मुख्याध्यापकांचा नियम असा, की भाषेत नापास झालेल्याने मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. शनिवारी शाळाशाळांची रिले शर्यत होती, तिचा शेवटचा टप्पा भिंगरीचा, आणि फेरपरीक्षा त्याच सकाळी. खेळाच्या सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाई, काहीही करा, पण पोरीला पास करा.”

“मी नाही करणार. तिची ती होईल,” बाई म्हणाल्या.

उजळणीच्या तासाला बाईंनी फळ्यावर लिहिलं: पात्रं, स्थळ, काळ, अडचण, शेवट. मग एक उतारा वाचायला दिला. त्यातले आजोबा दार आपटून खोलीत जातात, वर्तमानपत्र उलटं धरून बसतात, आणि आजी पाहुण्यांना हसून सांगते, ‘ते मुळीच रागावलेले नाहीत.’

“आजोबा रागावले होते का?” बाईंनी विचारलं.

भिंगरीचा हात सगळ्यांच्या आधी वर. “नाही, बाई! ओळच आहे तशी.”

“आणि दार आपटलं ते?”

“ते कुठे विचारलंय प्रश्नात?”

सगळा वर्ग खो खो हसला. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. एवढी सोपी ओळ चुकते, मग शर्यत हातची गेलीच म्हणायची! तिला रडूच आलं.

संध्याकाळी घरी आली तर स्वयंपाकघरात आदळआपट चाललेली. बाबा गावभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करत हिंडायचे आणि घरचा नळ मात्र ठिबकत ठेवायचे.

“काय गं, रागावलीस का?” बाबांनी दारातूनच विचारलं.

“मी? छे! मी कशाला रागावू?” आई म्हणाली आणि कढईवर झाकण असं आदळलं, की बाबा मुकाट्याने पाना शोधायला लागले.

भिंगरी बघतच राहिली. आईची ओळ एक सांगत होती आणि झाकण दुसरंच. आणि बाबांनी नुसती ओळ उचलली नव्हती, अख्खी आई वाचली होती!

“म्हणजे आजोबा चिडलेलेच होते की!” ती ओरडली.

“कोणाचे आजोबा?” आईबाबा एकदमच म्हणाले.

शनिवारी बाईंनी स्वतः लिहिलेला उतारा दिला. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी होते आणि कंडक्टरला सीटखाली एक पिंजरा सापडतो. आतला पोपट बोलत काहीच नाही, नुसता खोकतो, अगदी माणसासारखा. कंडक्टर पिंजरा घेऊन गल्लोगल्ली हिंडतो. एका बंद दाराआडून तसाच खोकला ऐकू येतो. तो बेल दाबतो. उतारा संपला.

भिंगरीने सवयीने आधी प्रश्न बघितला: ‘पोपट फक्त खोकत का होता?’ मग ओळ हुडकली. ओळ नव्हतीच! झक मारत तिला पहिल्यापासून वाचावं लागलं. आणि वाचता वाचता ती त्या कंडक्टरच्या मागे अशी निघाली, की बाकीची मुलं पेपर देऊन गेली तेही तिला कळलं नाही. बाहेर सरांची शिट्टी वाजली, टीमची गाडी सुरू झाली, तरी हिचं लिहिणं चालूच.

बाईंनी तिथल्या तिथे पेपर तपासला. भिंगरीने लिहिलं होतं, ‘त्याचा मालक आजारी असणार. आणि घरात तो आणि पोपट, दोघंच असणार. बोलायला तिसरं कोणी असतं, तर पोपट एखादा शब्द शिकला असता.’

हे बाईंच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी उत्तर पुन्हा एकदा वाचलं. “पास,” त्या म्हणाल्या.

“चल चल, गाडी सुटतेय!” सर दारात नाचायला लागले.

भिंगरी जागची हलेना. “बाई, दार कोणी उघडलं?”

“उतारा तिथेच संपतो, बाळा.”

“असा कसा संपेल? ते आजारी आहेत ना! उठवत नसेल त्यांना!”

“अगं, मी एवढंच लिहिलंय. पुढचं मला तरी कुठे माहितीये?”

“मग आधी ते दार उघडा,” भिंगरी बाकावर बसकण मारत म्हणाली. “त्याशिवाय मी पळणार नाही.”

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा भिंगरीकडे, आणि पर्स खांद्याला अडकवली.

“सर, गाडीत मलाही जागा करा,” त्या म्हणाल्या. “मैदान येईपर्यंत दार उघडायचंय.”