चटई उचलल्यानंतर

फुआतिनाने चौदाव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून मालाकीकडे पाहिलं.

"कधी अटक झाली होती?"

"नाही लिही, मावशी."

ऑकलंडच्या त्या चर्चमधल्या सामोअन मंडळींचे कायम वास्तव्याचे अर्ज फुआतिनाच भरायची. रविवारी प्रार्थनेनंतर, जेवणाच्या टेबलाचं एक टोक पुसून. कोणाचं लग्न कधी झालं आणि पहिलं पोर त्यानंतर किती कमी महिन्यांत झालं, हे तिला बिनचूक पाठ असे. त्यात मालाकीचं गाव म्हणजे तिचं माहेर.

"मग चार दिवस कोठडीत काय पाहुणचाराला गेला होतास?"

"खटला कुठे झाला? तक्रार मागे घेतली त्यांनी."

"खटल्याचं नाही, अटकेचं विचारलंय. खोटं सापडलं की अर्ज गेला. मग तिकडे बायकोला आणि पोरींना फोनवरच बघत बस."

मालाकीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तेरा वर्षांपूर्वी, तिकडे गावाकडे, त्याची पिकअप वळणावर उलटली होती. मागे बसलेला इओआने दवाखान्यात पोचायच्या आत गेला. जामिनावर सुटल्याबरोबर मालाकी तिकडच्या रीतीप्रमाणे माफी मागायला पहाटेच इओआनेच्या दारात जाऊन बसला, घरातली सगळ्यांत बारीक विणीची चटई डोक्यावरून पांघरून. उन्हं चढल्यावर इओआनेचा बाप तुआला बाहेर आला आणि त्याने ती उचलली. चटई उचलली की विषय मिटतो. नंतर तो काढणं म्हणजे उचलणाऱ्याचा अपमान.

"त्यांनी मिटवलेलं मी उकरू? तेही सरकारी कागदावर?"

"चटई तुआलाने उचलली, बाबा. सरकार नव्हतं तिथे." तिने हनुवटीने हॉलचं दुसरं टोक दाखवलं. "बसलाय बघ. विचार जाऊन."

तुआला लेकीकडे राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. दर रविवारी तो आणि मालाकी गुडघेदुखी आणि रग्बी एवढ्यावरच बोलत. दोन्ही विषय जपून पुरवत. आज मालाकी त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"काका, एक अर्ज आहे..."

मागोमाग आलेल्या फुआतिनाने एरवीचं तिखटमीठ न लावता वाचून दाखवलं. "अटक झाली होती का. झाली असल्यास काय घडलं, ते सविस्तर लिहा."

म्हाताऱ्याने कोकोचा पेला खाली ठेवला.

"सविस्तर?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार," मालाकी म्हणाला.

"त्याच्याजवळ तू एकटाच होतास ना?"

"हो, काका."

"चटई उचलली, त्या दिवसापासून कोणी त्याचं नाव नाही काढलं. माझा मान राखला लोकांनी. बायको मरेपर्यंत मला विचारायची, शेवटी तो काही बोलला का. मला काय माहीत? आणि तुला विचारायची सोय नव्हती."



"अर्जात दीडच ओळ सोडलीय मेल्यांनी," फुआतिना पुटपुटली आणि एक कोरा कागद काढून तिने मालाकीपुढे सरकवला.

खुर्चीच्या हाताला धरून तुआला सावकाश खाली, मालाकीच्या शेजारी जमिनीवर बसला.

"लिही. पण मोठ्याने वाचत लिही."

पहिली ओळ मालाकीने दोनदा खोडली.

"इओआने," तो वाचू लागला, "वय वर्षं एकोणीस..."

"वीस," म्हातारा म्हणाला. "वाढदिवसाला चारच दिवस झाले होते. हं, पुढे?"