ओवीची गेझा

"गेझा म्हणते, सकाळी ओट्सच खायचे," असं म्हणत ओवीने पोह्यांची बशी बाजूला सारली आणि विभावरीच्या कपाळावर आठी चढली.

ओवी हॅमिल्टनच्या शाळेकडून रोइंग करायची. दोन वर्षांपूर्वी गेझा हार्टविग नावाची जर्मन बाई तिथे कोच म्हणून आली, आणि तेव्हापासून घरात तिचाच शब्द चालायला लागला. खरं तर विभावरी स्वतः पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या बोटक्लबची कॅप्टन होती. आता ती इथे हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या डेअरी फॅक्टरीत मिल्क पावडरची मशिनं सांभाळायची, आणि लेकीला त्या कॅप्टनकीचं काडीचंही कौतुक नव्हतं.

एकदा लंच ब्रेकमध्ये तिने गेझाच्या शर्यती फोनवर शोधून काढल्या. एकटीची बोट, दोनदा जगज्जेती. ते लांबसडक हात, ती सरळ पाठ. बघता बघता विभावरीच्या पोटात दुखायला लागलं. मग ऑलिंपिकची फायनल सापडली. शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे असलेली गेझा अचानक ढेपाळली आणि पाचवी आली. पाठीने दगा दिला होता. त्यानंतर ती शर्यतीत उतरलीच नाही. विभावरीने तो व्हिडिओ परत लावला. बरं वाटलं.

संध्याकाळी तिला राहवलं नाही. "तुझी गेझा ऑलिंपिकमध्ये पाचवी आलेली, माहितीये?"

"आय नो, मम्मा. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला ती रेस दाखवली. वी ऑल क्राइड."

विभावरी कुकर लावायला उठली.

शनिवारी शाळेच्या रोइंग क्लबमध्ये पालकांना बोटीत बसवणार होते. गेझा थेट तिच्याकडेच आली. "ओवी सांगत होती, तुम्ही कॅप्टन होतात. चला माझ्याबरोबर."

ओवी सांगत होती? विभावरी चकित होऊन बोटीत बसली. गेझा तिच्या पाठीमागच्या सीटवर. वायकाटो नदीला ओढ होती. या बाईसमोर दमायचं नाही, एवढं एकच डोक्यात धरून विभावरी जीव तोडून वल्हवत राहिली. गेझा मुकाट्याने तिच्या तालावर वल्ही मारत होती. मध्येच ती मोठ्याने हसली.

"आत्ता कळलं! वल्हं पाण्यातून काढताना ओवी डावं मनगट मुडपते. मी दोन वर्षं ती खोड मोडायला बघतेय. ती तुमची आहे तर!"

ओवी लहान असताना हॉलमध्ये मॉपचा दांडा हातात देऊन विभावरीनेच तिला वल्हवायला शिकवलं होतं. खरं तर तिला लाज वाटायला हवी होती. पण तिचा ऊर भरून आला. जगज्जेतीला दोन वर्षांत जे पुसता आलं नाही, ते तिचं होतं.

काठावर ओवी धावत आली. "व्हॉट डिड शी से?"

ती खोड आईची आहे हे कळलं, तर पोरगी आजपासूनच मनगट सरळ करायला लागेल. विभावरीने टॉवेलने तोंड पुसलं.

"काही नाही गं. छान वल्हवता म्हणाली."

शेजारीच गेझा ओली वल्ही गोळा करत होती. तिला मराठी येत नव्हतं, हे बरंच होतं.