मुकी बटणं

“बटण. बटण. बटण.”

कॉम्प्युटरमधला आवाज तेवढंच म्हणत राहिला. कालपर्यंत हाच आवाज चांगदेवांना ‘गाडी सोडा’, ‘चालक बदला’ असं नीट वाचून दाखवायचा. सकाळी गेम अपडेट झाला आणि सगळं मुकं झालं.

“अमृता, बघ गं. काय झालंय ह्याला?”

“लई भारी केलंय की अप्पा! अक्षरं काढून नुसती रंगीत चित्रं…” बोलता बोलता मुलीच्या ध्यानात आलं, बटणांवर नावंच उरली नाहीत तर आवाज वाचणार काय.

चांगदेव आळेफाट्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सत्तावीस वर्षं त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, नोकरी सुटली. आळे गावातल्या घरात दिवस खायला उठायचा. अमृतानं पडदा वाचून दाखवणारा आवाज कॉम्प्युटरवर बसवला आणि बस डेपो चालवायचा हा गेम शोधून दिला. चार वर्षांत अप्पांनी त्यात अठ्ठ्याहत्तर गाड्यांचा डेपो उभा केला होता.

“मी वाचते ना, तुमी फकस्त सांगा,” अमृता म्हणाली.

आठवडाभर तसं चाललं. गेममधल्या घाटात गाडी बंद पडायची. अप्पांचा विचार होईतो अमृताचं बोट पुढं गेलेलं असायचं. डेपोचा पहिला नंबर आला त्या दिवशी अप्पांनी खुर्ची मागं सारली.

“ह्यो तुजा डेपो झाला. माजा न्हाई राहिला.”

मग ते एकटेच बसू लागले. एकेक मुकं बटण दाबायचं, काय होतं त्याचा कानोसा घ्यायचा आणि टाइप करायचं: ‘वरून तिसरं, बहुतेक गाडी धुण्याचं.’ एक्केचाळीस बटणांची यादी त्यांनी गेम बनवणाऱ्यांना मेल केली.

तीन आठवड्यांनी तिथल्या अश्विनी नावाच्या बाईंचा फोन आला.

“काका, यादी मिळाली. पण खरं सांगू? आवाजावर खेळणारे असे कितीजण असतील, असं आमचे साहेब विचारतात.”

“ताई, पहाटंच्या गाडीला कदी कदी एकच पॅसेंजर असायचा. तरी मी गाडीचं नाव पुकारायचो. न्हाई तर त्याला कसं कळावं, कुटली लागली ती?”

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

“रविवारी फोन केला तर चालेल? यादी दोघं मिळून तपासू.”

असे सात रविवार गेले. मग एका दुपारी नवा अपडेट आला. अप्पांनी की दाबली. ‘गाडी सोडा,’ आवाज म्हणाला. त्यांनी गाडी सोडली. दुसरी सोडली. उत्साहाच्या भरात दमलेले चालक न बदलताच एकामागून एक गाड्या घाटात लोटल्या. रस्ता तुंबला, अठ्ठ्याहत्तर गाड्या अडकल्या.

‘डेपो बंद. तुम्ही हरलात.’

अमृता कणकेच्या हातांनीच धावत आली. “अप्पा, सगळं गेलं? थांबा, मी बघते कुटं चुकलं.”

“नको. मला म्हायतीय कुटं चुकलं.”

त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या गाडीपासून नवा डेपो मांडायला घेतला.