घरचे मागाहून

"काका, याचा पण दिवा लाल झाला!" परागनं मागच्या खोलीतून हाक दिली आणि प्रभाकर दिघ्यांचा चहा बशीतच राहिला.

त्या वर्षी वैशाखात उज्जैनला असं ऊन पडलं होतं म्हणता, की फ्रीगंजातले कावळे उडायचं सोडून रिक्षानं जायचे. त्या उकाड्यात सकाळी व्हिडिओ साठवायच्या एका मशीननं मान टाकली. त्याच्यावरचा माल बाकीच्यांवरून जुळवून घेणं चालू होतं, तर भर दुपारी दुसरंही गेलं.

प्रभाकर एकेका हाडाची परवानगी घेत उठले. पराग या व्हिडिओ स्टुडिओचा मालक, आणि प्रभाकर त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांचं काम म्हणजे लोकांची लग्नं सांभाळायची. लावायची नाहीत, मोडायची नाहीत, नुसती ठेवायची. कोण कधी मागायला येईल सांगता येत नाही. एक बाई तर घटस्फोट झाल्यावर आली होती. "नवरा कापून टाका, हार चांगला दिसून राहिलाय," म्हणाली.

पूर्वी सोपं होतं. प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती, एक इथं, एक देवास गेटच्या जुन्या दुकानात, एक परागच्या घरी. पण मग लग्नं फुगली. हळदीला कॅमेरा, आभाळातून कॅमेरा. एका वरातीची घोडी तर आपल्याकडे कॅमेरा वळल्याशिवाय पाऊल उचलेना. जागा पुरेना. तेव्हा प्रभाकरांनीच नवी तऱ्हा बसवून दिली. लग्नाचे चार तुकडे करायचे, त्यांच्यावरून आकडेमोड करून दोन जोड-तुकडे काढायचे आणि तिन्ही ठिकाणच्या मिळून सहा मशीनांवर एकेक ठेवायचा. कुठलेही चार तुकडे हाताशी असले की अख्खं लग्न परत उभं. दोन मशीनं मेली तरी काही जात नाही, आणि जागा लागते निम्मी. पराग खूश.

राहता राहिली दुकानातल्या माणसांच्या घरची कार्यं. ती स्टुडिओनं फुकट टिपलेली. त्यांना प्रभाकरांनी एकच जोड-तुकडा दिला, म्हणजे एक मशीन मेलं तर निभेल, दोन मेली तर नाही. दुरुस्तीतसुद्धा आधी ग्राहक, मग घरचे. कार्यात यजमान शेवटच्या पंगतीला बसतो, तसंच.

"काका, इतके सीधे नका बनू," पराग तेव्हा म्हणाला होता. "गौरीताईचं पण त्यातच येईल."

"येऊ दे की. दुकानाची जागा माझ्या पोरीसाठी अडवू काय?"

आता प्रभाकरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ते पडद्याकडे बघत राहिले. पराग मागं उभा, रुमालानं मान पुसत.

"ग्राहकाचं काही गेलं काय?"

"नाही. एकही नाही."

"जय महाकाल! काका, तुम्ही तर तोफ आहात तोफ! सांगा, काय खाता? कचोरी मागवू?"

प्रभाकर पडद्यावरची यादी खाली सरकवत होते. पराग पुढं येऊन वाकला.

"आणि घरचं?"

"बाकीच्यांचं जुळलं. गौरीच्या लग्नाची पाळी यायची होती."

"मशीन इंदूरला पाठवू. तिथं काढून देतात."

"आतल्या चकत्या खरवडल्यात रे दोन्हीच्या. सकाळपासून आवाज ऐकून राहिलो मी."

"पण आपण सिनेमा बनवून दिला होता ना तिला, पेन ड्राइव्हमध्ये?"

"त्यात सगळ्यांच्या बोलण्यावर गाणं आहे."

पराग रुमालाची घडी घालायला लागला. ते गाणं त्यानंच टाकलं होतं.

प्रभाकरांची बायको सुमन. तिचा आवाज म्हणजे काय सांगावं! देवास गेटला तिनं भाजीवाल्याला हाक मारली की राम घाटावरचे पंडे स्नान सोडून मागं वळायचे, आणि भाजीवाला न विचारता कोथिंबीर घालायचा. मागल्या दिवाळीत घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून घरात भांडी बोलतात. एक टिचकी म्हणजे या, दोन म्हणजे या ना, आणि झाकण आपटलं की निमूट उठायचं.

गौरीला मुलगी झाली. रविवारी बारसं. तिनं फोन केला होता, "बाबा, माझ्या लग्नात विहीणपंगतीला आईनं उखाणा घेतला होता ना, तो मुळातला काढून ठेवा. बाळाला आजीचा आवाज ऐकवायचाय." प्रभाकर रुबाबात म्हणाले होते, "त्यात काय! आपल्या घरचं तर काम."

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा सुमन खिडकीशी गवार निवडत होती. तिनं तोंड बघितलं आणि ताट बाजूला सारलं. तिचे ओठ हलले, "काय झालं?"

"गौरीचं लग्न गेलं."

सुमननं हात उडवले. म्हणजे, जावई तर सकाळीच बोलून गेला!

"व्हिडिओ गं. मुळातला. तुझा आवाज होता तो."

ती थांबली. मग ओठांनी विचारलं, "लोकांचं?"

"लोकांचं सगळं आहे."

तिनं दोन्ही हातांनी सावकाश टाळ्या वाजवल्या. नवऱ्याची आरती अशी बिनशब्दांची तिनं बऱ्याचदा केली होती. पण या वेळी हसू आलं नाही तिला. ती खाली बघत एक शेंग उगाच चिरडत बसली. थोड्या वेळानं मान वर केली. त्यांच्याकडे बोट, मग कानाकडे. तुम्ही तर ऐकलाय ना? तुम्ही सांगा गौरीला.

प्रभाकर खुर्चीत बसले. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"मी नव्हतो तिथं. आतल्या खोलीत होतो, कॅमेऱ्यांची कार्डं रिकामी करत. बायका हसल्या तेवढं ऐकू आलं. म्हटलं, ठेवलंय तर आहे. पुढं कधीतरी निवांत बघू."

सुमन त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होता, ती होत नव्हती. मग तिनं उठून खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला. त्यांची खुर्ची उजेडाकडे ओढली, त्यांच्यासकट. चष्मा घाला, अशी खूण केली. समोर बसली, गळ्यावरचा रुमाल सारखा केला, पदर खांद्यावरून घेतला आणि उखाणा घेतला.

प्रभाकर डोळे ताणून बघत होते. 'शिप्रा' कळलं. नंतर 'सासर' होतं की 'आसरा', ते कळेना. मधलं तर सगळंच निसटलं. शेवटी ओठ मिटले, उघडले, परत मिटले. ते त्यांचं नाव होतं. एरवी ती ते घेतच नसे.

"परत," प्रभाकर म्हणाले. "जरा हळू."

सुमननं मान हलवली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.