सतरावा पापड

सिंधमधून निघताना ईसरीनं जी पेटी बांधली, ती तिनं पुन्हा उघडली म्हणून नव्हती. कराचीच्या बंदरावर नाही, मुंबईच्या धक्क्यावर नाही, आणि पिंपरीच्या निर्वासित छावणीत तिसरा उन्हाळा लागला तरी नाही. पेटी शिसवी, माणूसभर लांब, आणि तिच्याभोवती काथ्याचा जाडजूड दोर सात वेढे घालून आवळलेला.

"जागा ठरू दे, मग सोडीन," ती नवऱ्याला सांगायची. "रोज उठून गाठी मारायला मला दुसरं काम नाही का?"

तिचा नवरा होतचंद सायकलवर कापडाचे गठ्ठे लादून रहाटणीपासून देहूपर्यंत फिरायचा. तीन वर्षांत त्यानं दोन गोष्टी कमावल्या. एक, पोटऱ्या. दुसरी, कामापुरती मराठी. आता त्याला सायकलवरून उतरायचं होतं. मुंबई रस्त्याला लागून गावातल्या मारुतरावांची एक पडवी रिकामी होती. तिथं कापडाचं दुकान टाकलं की झालं. मात्र कल्याणकडच्या छावणीतून त्याच्या चुलतभावाचा सांगावा आला होता: सोमवारी ट्रक येतोय, बसा आणि या. पडवी मिळाली तर पिंपरी, नाही मिळाली तर सोमवारचा ट्रक. मधलं काही नाही.

मारुतराव म्हणाले होते, "शेठ, जागेचं मागनं बघू. आदी मी तुमचं घर बघनार. माणूस टिकनारा हाय का, त्ये घरावरनं कळतं."

शनिवारी अकराच्या सुमाराला ते आले. सोबत धाकटा भाऊ सोपानराव. छावणीतलं घर म्हणजे लष्करी बराकीतला एक खण, मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याअलीकडे बैठक, पलीकडे चूल. बैठकीत बसायला वस्तू एकच होती. पेटी. दोघे भाऊ तिच्यावर बसले.

मारुतरावांचा हात दोरावरून फिरला. एक गाठ चाचपली, दुसरी चाचपली. मग ते सोपानरावांच्या कानाशी लागले. "बांधाबांध करूनच बसल्यात गड्या. ह्ये कसले टिकत्यात."

होतचंदला ते ऐकू आलं. आता पाहुणचारात कसूर नको म्हणून त्यानं पडद्याआड खूण केली. सिंधी घराची रीत अशी, की पाहुणा आला की त्याच्यापुढं पाणी आणि भाजलेला पापड जायलाच हवा. चहा नंतर, बोलणं नंतर. ईसरीनं दोन पापड भाजले.

पापड बघताच मारुतराव पेटीवरून उतरले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. सोपानरावही बसले. त्यांच्याकडं पापड येतो तो पानात, कडेला, कुरडईच्या शेजारी. पापड आला म्हणजे मागनं वरण-भात आलाच. शनिवारी अवचित जेवण म्हणजे शेठनं चांगलंच मनावर घेतलं होतं. दोघांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पापडाचा एकेक तुकडा मोडला आणि उरलेला भातासाठी राखून ठेवला.

होतचंदनं ते पाहिलं. पाहुणा आसन सोडून भुईवर बसला, वर पापड अर्धाच ठेवला. म्हणजे पापड आवडला नाही. तो पडद्याआड गेला.

"दुसरा दे. मिरीचा."

मिरीचा आला. तोही मोडला आणि राखला गेला. मग लसणाचा आला. मग तांदळाचा. ईसरीचा डबा संपला, तसा होतचंद शेजारच्या खणात गेला, तिथून पलीकडच्या. सगळ्या बराकीतून पापड जमू लागले. चौथ्या खणातल्या म्हातारीनं तर, पाहुणे एवढे खातायत तर लग्नाचंच काही असेल, म्हणून साखरही पाठवली.

आता बोलून मोकळं व्हावं, तर तेही होईना. जेवल्याशिवाय व्यवहाराचं बोलायचं नाही, ही मारुतरावांच्या वडिलांची शिस्त. आणि पाहुण्यानं विषय काढल्याशिवाय आपण काढायचा नाही, ही होतचंदच्या वडिलांची. दोन्ही वडील कधीच वर गेले होते, पण बैठक त्यांच्याच ताब्यात होती.

"पाऊस यंदा बरा म्हणतात," होतचंद म्हणाला.

"व्हय," मारुतराव म्हणाले.

मिरीनं तोंड पोळून दोघांनी पाण्याची घागर रिकामी केली. एक वाजला. सोपानराव हळूच म्हणाले, "दादा, ह्यो सतरावा. ह्यांच्यात निस्त्या पापडाचीच जेवनं असत्यात काय?"

"गप ऱ्हा. पंगत मोटी असंल, टाईम लागतोय."

"मग उठू का?"

"मांडलेल्या पानावरनं उठतोस? आईनं हेच शिकवलं व्हय तुला?"

दीड वाजता दारात मारुतरावांच्या पत्नी शालनबाई उभ्या राहिल्या. कमरेला पदर खोचलेला, कपाळावर आठी. "घरी भाकरी वाळून फरशी झाली, अन् तुमी हितं बसलाय व्हय?"

"अगं, हितं जेवायचंय."

"कवा? दिवाळीला?"

त्यांनी बैठकीकडं पाहिलं. नवरा, दीर, आणि दोघांच्या मधे पापडाच्या तुकड्यांचा ढीग. त्या सरळ पडद्याआड शिरल्या. चुलीवर भांडं नव्हतं. निखाऱ्यापाशी ईसरी बसलेली, हातात चिमटा, चिमट्यात अठरावा पापड, डोळे धुरानं लाल.

"बाई, सैपाक कुटं हाय?"

ईसरीला मराठी येत नव्हती. शालनबाईंनी घास तोंडाकडं नेऊन दाखवला, बाहेर बोट केलं, पोटावर हात फिरवला. ईसरीनं पापडाकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि मोकळा हात कपाळावर मारून घेतला. मग ती हसायला लागली. शालनबाईही लागल्या. पडद्यापलीकडं तिघे पुरुष एकमेकांकडं बघत राहिले.

स्वयंपाक अर्ध्या तासात झाला. शालनबाईंनी कांदा चिरला, ईसरीनं कढी केली, भात टाकला, कांद्याची जाड रोटी, कोकी, थापली. पण वाढायचं कशात? घरात दोन जर्मन धातूच्या ताटल्या, त्याही पोचे पडलेल्या. काशाची सहा ताटं होती, ईसरीच्या आईनं दिलेली. पेटीत.

ईसरी पडदा सारून बाहेर आली. पेटीसमोर उभी राहिली. होतचंद म्हणाला, "राहू दे. शेजारून आणतो."

"शेजारून पापड आणलेत तेवढे पुरे," ती म्हणाली आणि खाली बसून गाठीला भिडली.

गाठी तीन वर्षांत दगड झाल्या होत्या. होतचंदनं नखं मोडली. सोपानरावांनी दात लावला आणि लगेच काढून घेतला. शेवटी मारुतराव उठले, नांगराचे दोर सोडवणाऱ्या हातांनी त्यांनी एकेक पीळ उलटा फिरवला, आणि सातही वेढे जमिनीवर पडले. झाकण उघडलं. आतून कापराचा वास आला. ताटं निघाली, त्यांच्याखाली चाळण, गोधड्या, आणि एक घुंगरू लावलेला पाळण्याचा दांडा.

जेवण झालं. मारुतरावांनी कोकी दोनदा मागून घेतली. ईसरीनं रिवाजानं ताटाच्या कडेला पापड ठेवायला हात पुढं केला, तर दोघा भावांनी पंज्यांनी ताटं झाकली.

"वहिनी, तेवडं सोडून काय बी वाडा."

हात धुतल्यावर मारुतराव बोलले. "शेठ, बांधलेली पेटी बघून मी नाहीच म्हननार व्हतो. आता ती परत बांधनार का?"

होतचंदनं बायकोकडं पाहिलं. ईसरी दोराचं वेटोळं हातात घेऊन उभी होती. शालनबाईंची नजर त्या दोरावर होती.

"कसला झ्याक दोर हाय," शालनबाई म्हणाल्या. "आमचा खोंड रोज दावं तोडतोय."

होतचंदनं बायकोला अर्थ सांगितला. ईसरीनं क्षणभर दोर तोलला, आणि शालनबाईंच्या हातात दिला.

"रविवारी पडवी झाडून घ्या," मारुतराव म्हणाले.

सोमवारी सकाळी ट्रक आला. चुलतभावाचा माणूस बराकीच्या दारात उभा राहून म्हणाला, "चला, पेटी उचला."

"उघडी आहे," होतचंद म्हणाला.

"मग बांधा की."

"दोर नाही."

"कुठं गेला?"

होतचंदनं गावाकडं बोट दाखवलं. "खोंडाला बांधलाय. सोडवून आणा जमलं तर. पण जाताना काही खाऊन जा, उपाशी जाऊ नका. ईसरी, पापड आण गं."