जुळणीबाबांचा अंगठा

शनिवारी सकाळी वरवट बकालला किसनरावांच्या ओट्यापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. लोक नारळ घेऊन आले होते, अगरबत्त्या घेऊन आले होते आणि काखेत दवाखान्याचे मोठाले लिफाफे घेऊन आले होते. लिफाफ्यात डोक्याच्या एमआरआयच्या फिल्मा. ओट्यावर भूत उतरवायला बसलेल्या जुळणीबाबांना हात बघावा लागत नाही, लिंबू कापावं लागत नाही. त्यांचं भूत शिकलेलं आहे, ते फोटोत दिसतं.

बाबा प्रत्येकाच्या फिल्मांतून कात्रीने दोन चौकटी कापत. एक मेंदूच्या घडणीची, दुसरी मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीची. डॉक्टर दुसरीला डिफ्यूजन म्हणतात. बाबा तिला मन म्हणत.

"पानी चंचल, मन बी चंचल!" दोन्ही चौकटी एकीवर एक धरून ते उन्हात दाखवत. "पाहा, मन मेंदूच्या भायेर निंगालं! कोनं ढकललं?"

खरंच कडा जुळत नसत. पत्रिका जुळल्याशिवाय पोरीचं लग्न न ठरवणाऱ्या गावाला हे झटकन पटलं. जुळत नाही म्हणजे दोष, आणि दोष म्हणजे बाहेरचं. मग मंत्र, फुंकर, फिल्मेवर उदीचं बोट, आणि काय आश्चर्य, कडा जुळलेल्या! "मन जाग्यावर!" बाबा ओरडत आणि बाया हात जोडत.

पुढे बसली होती माझी जुनी विद्यार्थिनी, एकोणीस वर्षांची अन्नपूर्णा. तिला फिट येतात. गोळ्यांमुळे दोन वर्षं एकही आली नव्हती. पहिल्या जुळणीच्या वेळी बाबांनी गोळ्या बंद करायला सांगितलं आणि तिच्या आईने, सुभद्राबाईंनी, त्या बंद केल्या. नवव्या दिवशी भाकरी करताना फिट आली आणि हात तापल्या तव्यावर पडला. आता पट्टी बांधलेल्या हाताने ती दुसऱ्या जुळणीला आली होती. मला बाबांचा संताप आलाच, पण स्वतःचा जास्त आला. मी विज्ञानाचा मास्तर, आणि ते नऊ दिवस घरात बसून बाबांच्या जुळणीला नुसता हसत होतो.

बाबांनी मंत्र म्हटला, फुंकर मारली.

"बाबाजी, तुमचा अंगठा काऊन सरकला?" अन्नपूर्णाने विचारलं.

"देवानं सरकवला, पोरी."

"मंग देवाले अंगठा कायले पाह्यजे?" तिने पदरातून कपडे वाळत घालायचे दोन चिमटे काढले. कडा जुळत नव्हत्या तशाच ठेवून दोन्ही चौकटी तिने पक्क्या अडकवल्या. "आता म्हना मंतर."

बाबांनी मंत्र म्हटला. फुंकर मारली. आणखी एक मारली. कडा जागच्या हलल्या नाहीत.

"चिमट्यानं मन दबलं!" बाबा म्हणाले. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"बरं. किसनभाऊ, तुमी गाडीवरून पडले तवाच्या फिल्मा आना. डॉक्टरनं काई नाई निंगालं म्हनलं होतं ना?"

फिल्मा आल्या. बाबांनी चौकटी कापल्या, अंगठा लावून नेमक्या बसवल्या आणि वर उदीचं बोट फिरवलं. अन्नपूर्णाने पदराने उदी पुसली, आणि कपाळापाशी तसंच अंतर दिसलं.

बाबा घुटमळले. "मालकाईले बी जरासं..."

"कोनाले भूत लागलं बे?" किसनराव ताडकन उठले, आणि सगळा ओटा खदखदून हसला.

"मी काल दवाखान्यातल्या फोटो काढनाऱ्या ताईले फोन करून इचारलं. चांगल्या मानसाचे फोटो बी जुळत नाईत म्हने," अन्नपूर्णा म्हणाली.

मग मला वाचा फुटली. मी सांगितलं, हे दोन फोटो काही मिनिटांच्या अंतराने निघतात, तेवढ्यात डोकं जरासं हलतं. दुसरा फोटो फार घाईने निघतो, आणि कपाळामागच्या पोकळीत हवा असते म्हणून तिथे तो वाकडा येतो. तुमचा, माझा, कोणाचाही. एकावर एक नीट बसवायला डॉक्टरांना संगणक लागतो. बाबांनी हललेलं अंगठ्याने सरकवलं आणि वाकडं राहिलेलं उदीने झाकलं. बस्स, एवढाच चमत्कार.

सुभद्राबाईंनी लेकीचा पट्टी बांधलेला हात आपल्या हातात घेतला. "मीनंच जाळला वो मास्तर तिचा हात," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. दुपारच्या गाडीने मायलेकी खामगावला डॉक्टरांकडे गेल्या. बाबा त्याआधीच गेले होते, नारळ मात्र आठवणीने घेऊन.

मित्रहो, तुमच्याच डोक्याचा फोटो दाखवून कोणी भीती घातली, तर एकच विचारा: धडधाकट माणसाचा फोटो कसा दिसतो? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. अन्नपूर्णाने विचारलं, पण हात पोळल्यावर. तुम्ही आधी विचारा.